कपाटातली हार्ड डिस्क टीव्हीवर आणताना

दिवाळीत भावंडं जमली की आमच्याकडे एक मागणी ठरलेली असते: मावशीच्या लग्नाची कॅसेट लावा. कॅसेट आता उरलेली नाही. ती आधी डीव्हीडीवर गेली आणि डीव्हीडीवरून हार्ड डिस्कवर आली. ती डिस्क टीव्हीच्या मागे खोचली की पडद्यावर ‘व्हीटीएस_०१_१’, ‘व्हीटीएस_०१_२’, ‘व्हीटीएस_०१_३’ अशी नावं येतात. पहिल्या फायलीत सीमांतपूजन असतं. दुसरीत मंगलाष्टकं सुरू होतात आणि ऐन ‘सावधान’वर तुटतात, कारण डीव्हीडीच्या नियमात अशी एक फाईल साधारण १ जीबीच्या पुढे जात नाही. बाकीचं लग्न तिसरीत. आईला यातली कोणती फाईल उघडायची हे कधी कळलं नाही, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती.

अशी डिस्क आता बहुतेक घरांत असते. लग्नं, मुंजी, बारशी, कुणीतरी नाटकाचं केलेलं रेकॉर्डिंग, विकत घेतलेल्या सीडी-डीव्हीडींवरचे जुने मराठी चित्रपट. दुसरीकडे टीव्हीला एक बॉक्स किंवा स्टिक जोडलेली असते आणि तिच्यावर ओटीटी मजेत चालतं. या दोन गोष्टींची गाठ घालून देणारे प्रोग्रॅम वीसेक वर्षं घडत आले आहेत. कोडी, प्लेक्स, जेलीफिन, एम्बी, व्हीएलसी ही त्यांतली प्रमुख नावं. मी ही सगळी आलटूनपालटून वापरली आहेत, नातेवाइकांच्या घरी बसवून दिली आहेत आणि काही ठिकाणी काढूनही टाकली आहेत. या अनुभवातून बनलेलं मत आधीच सांगते. प्रोग्रॅम निवडताना तो काय काय करतो हे सगळेच बघतात. तो उद्या सोडावा लागला तर आपल्या हाती काय राहील, हे त्याआधी बघायला हवं.

असं का म्हणते, ते या प्रोग्रॅमांच्या कुळकथेतून कळतं. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली. दिवाणखान्यात संगणक ठेवायचा आणि रिमोटने चित्रपट, गाणी, फोटो बघायचे, ही कल्पना पुष्कळांच्या गळी उतरली. लोकांनी आपले संग्रह त्यात नीट लावले. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि मीडिया सेंटर त्यातून वगळलं गेलं. दरम्यान त्याच मीडिया सेंटरची पुरवणी म्हणून जन्मलेला ‘मीडिया ब्राउझर’ स्वतंत्र झाला आणि पुढे त्याचं नाव एम्बी पडलं. एम्बीचा कोड बरीच वर्षं सर्वांना खुला होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो बंद झाला तेव्हा त्यावर काम करणाऱ्या काहींनी शेवटचा खुला कोड घेऊन वेगळी वाट धरली. तेच जेलीफिन.

दुसरं कूळ एक्सबॉक्स या खेळयंत्राचं. २००२ मध्ये काही हौशी मंडळींनी त्या यंत्रावर चित्रपट चालवणारा प्रोग्रॅम लिहिला, त्याचं ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ झालं. पुढे तो लिनक्स, मॅक, विंडोज, अँड्रॉइड असा सगळीकडे पसरला आणि २०१४ मध्ये त्याने कोडी हे नाव घेतलं. मॅकसाठी निघालेली त्याचीच एक शाखा म्हणजे प्लेक्स. पुढे ती कंपनी झाली. आणखी एक शाखा होती बॉक्सी. २०१० मध्ये तिच्या नावाचा टीव्ही बॉक्सही बाजारात आला, २०१३ मध्ये सॅमसंगने ती कंपनी विकत घेतली आणि बॉक्सी तिथेच थांबलं. म्हणजे वीस वर्षांत एक बंद पडला, एक विकला गेला, एकाने दार लावून घेतलं आणि एकाने, पुढे सांगते तसे, दर वाढवले. मावशीच्या लग्नाला याहून जास्त वर्षं झाली आहेत आणि ते याहून जास्त टिकायला हवं.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येते. हे प्रोग्रॅम दोन जातींचे आहेत आणि सगळा गोंधळ ही गोष्ट लक्षात न आल्याने होतो. कोडी म्हणजे खोलीतलं फडताळ. तो टीव्हीच्या बॉक्सवरच राहतो, डिस्क तिथेच जोडलेली असते (किंवा घरातल्या नेटवर्कवर कुठेतरी), आणि फाईल उघडून चालवण्याचं काम तो स्वतः करतो. प्लेक्स, जेलीफिन, एम्बी म्हणजे कोठीची खोली आणि तिथे बसलेला कोठावळा. घरातला एखादा संगणक दिवसरात्र चालू राहतो, सगळा साठा त्याच्यापाशी असतो, आणि टीव्ही, फोन, टॅब जे मागतील ते तो काढून देतो. मागणाऱ्याला ती फाईल पेलत नसेल तर चालता चालता तिचं रूप बदलून देतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. एका टीव्हीच्या घरात कोठावळा नेमण्याची गरज नसते, आणि तीन खोल्यांत तीन फडताळं ठेवली तर कुठे काय ठेवलं आणि कुणी कुठवर पाहिलं याचा मेळ लागत नाही.

व्हीएलसी या दोन्हींत बसत नाही, पण त्याला आधी हिशेबात घ्यावं. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला. फुकट आहे आणि जवळपास कुठलीही फाईल चालवतो. अँड्रॉइड टीव्हीवर तो सहज मिळतो. डिस्कवर पन्नासेक फायली असतील, नावं नीट असतील आणि पोस्टर-कथासार यांची हौस नसेल, तर एवढ्यावर भागतं. माझ्या एका आत्याकडे मी व्हीएलसीच ठेवला आहे. वर्षातून चारदा लागणाऱ्या गोष्टीसाठी तिला नवा पसारा शिकवण्यात अर्थ नव्हता.

कोडीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या जुन्या चित्रफितींसाठी त्याच्याइतकं कसलेलं दुसरं काही मला मिळालं नाही. भारतात बहुतांश कॅसेट आणि डीव्हीडी पाल पद्धतीच्या: ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. पण ही चित्रं अखंड नसतात. आधी विषम ओळी, मग सम ओळी, असे सेकंदाला ५० अर्धे भाग टिपलेले असतात. जुन्या डब्यासारख्या टीव्हीला हे मानवत होतं. आजचा टीव्ही दोन्ही अर्धे भाग एकदम दाखवतो, आणि हललेल्या प्रत्येक कडेला फणीचे दात दिसतात. मुंडावळ्या हलल्या की दात, अक्षता उडाल्या की दात. हे भाग नीट सांधून दाखवण्याचं काम कोडी करतो. अँड्रॉइड बॉक्सवर ते साधलं नाही तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअरची मदत बंद करायची. ५७६ ओळींचं चित्र साधा बॉक्सही निव्वळ प्रोसेसरवर पेलतो, आणि मग सांधणी कोडी स्वतः करतो. या एका बदलाने घरची लग्नं किती स्वच्छ दिसायला लागली हे शब्दांत सांगणं कठीण आहे. कॅमेऱ्याचा दोष म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलेली खरखर कॅमेऱ्याची नव्हतीच.

दुसरी बाब गतीची. बहुतेक बॉक्स टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतात. २५ ने ६० ला नि:शेष भाग जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा. कॅमेरा मांडवात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला की चित्र अडखळत पुढे सरकतं. चित्रपट २४ चा, तिथेही तेच. कोडीत पडद्याचा वेग व्हिडिओशी जुळवून घेण्याचं सेटिंग आहे. ते ‘सुरू होताना आणि थांबताना’ यावर ठेवायचं. टीव्ही क्षणभर काळा होतो आणि मग चित्र पाण्यासारखं वाहतं. प्लेक्स आणि जेलीफिनच्या अँड्रॉइड टीव्हीवरच्या ॲपमध्येही आता ही सोय आहे, पण ती शोधून चालू करावी लागते.

डीव्हीडीचं अख्खं फोल्डर कोडी एकच चित्रपट समजून चालवतो, म्हणजे मंगलाष्टकं तुटत नाहीत. इंटरनेट नसलं तरी चालतो, खातं उघडायला लावत नाही, पैसे मागत नाही, आणि त्याच्यामागे नफा न घेणारी संस्था आहे. उणीव एकच, पण मोठी: सेटिंगचं जंगल. प्राथमिकपासून तज्ज्ञांपर्यंत चार पातळ्या आहेत आणि चुकीच्या जागी एक बटण दाबलं गेलं की घरातल्या वडीलधाऱ्यांना परतीची वाट सापडत नाही. म्हणून बसवून देणाऱ्याने अर्धा तास जास्त द्यावा. मुख्य पानावरचे हवामान, खेळ, रेडिओ, ॲड-ऑन असे सगळे विभाग काढून टाकावेत, फक्त ‘चित्रपट’ आणि ‘घरचे व्हिडिओ’ ठेवावेत. आईच्या बॉक्सवर आता एवढंच दिसतं, आणि ती मला फोन न करता लग्न लावते.

कोडीच्या नावाला चिकटलेल्या एका गोष्टीविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. ‘सगळं फुकट दिसतं’ असं सांगून ॲड-ऑन घातलेले बॉक्स विकले जातात. तो कोडीचा भाग नाही आणि कोडी बनवणाऱ्यांनी वारंवार त्यापासून फारकत घेतली आहे. ते चोरीचं आहे, आणि मराठी चित्रपटासारख्या बेताच्या पैशात उभ्या राहणाऱ्या धंद्याला ती चोरी फार लागते. चित्रपट म्हणून असलेला स्वामित्वहक्क आपल्या कायद्यात प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा अत्र्यांची ‘श्यामची आई’ (१९५३) यांची ती मुदत केव्हाच संपली. म्हणजे प्रामाणिकपणे जमवता येईल असा साठाही लहान नाही.

आता कोठीची खोली. घरात दोन-तीन टीव्ही असतील, मुलं टॅबवर बघत असतील, किंवा कुणी परगावी असेल, तर माझा कौल जेलीफिनला. सर्व्हरपासून फोनच्या ॲपपर्यंत सगळं फुकट आणि खुलं. ज्याच्या-त्याच्या नावाचं वेगळं खातं करता येतं, त्यामुळे आजोबांनी नाटक अर्ध्यावर सोडलं तर त्यांना ते तिथूनच पुढे सुरू होतं आणि नातवाची कार्टून त्यांच्या पानावर येत नाहीत. टीव्हीवर पासवर्ड टाइप करणं म्हणजे शिक्षा असते. जेलीफिनमध्ये टीव्ही सहा आकडे दाखवतो, ते आपण फोनवर टाकले की काम झालं. रूप बदलून देण्यासाठी ग्राफिक्स चिपची मदत घेणं इथे फुकट आहे, प्लेक्स आणि एम्बीत त्याचे पैसे पडतात.

ही मदत महत्त्वाची का? ट्रान्सकोडिंग प्रोसेसरवर सोडलं तर जुना संगणक घामाघूम होतो. बरेचदा त्याची गरजच नसते, पण एखादी छोटी गोष्ट ते सुरू करते. सबटायटल चित्ररूपात असतील (डीव्हीडी आणि ब्लू-रेवर असतात तशी) आणि टीव्हीला ती वेगळी दाखवता येत नसतील, तर सर्व्हर ती प्रत्येक चित्रावर छापून द्यायला बसतो. पडद्यावर सबटायटल लावली आणि चित्र अडकायला लागलं, अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासते. सबटायटल साध्या मजकुराची, युनिकोडमध्ये जपलेली वेगळी फाईल असली की अडचण संपते.

सर्व्हर म्हणून जुना डेस्कटॉप चालतो, पण विजेचा हिशेब मांडून बघा. ६० वॅट खाणारं यंत्र महिनाभर अखंड चालू राहिलं तर ४३ युनिट. इंटेलच्या एन१०० सारख्या चिपचा छोटा संगणक साधारण १० वॅटमध्ये भागवतो, म्हणजे ७ युनिट, आणि ट्रान्सकोडिंगलाही तो दणकट आहे. वीज जाणाऱ्या गावात हा संगणक, त्याची डिस्क आणि राउटर इन्व्हर्टरवर असायला हवेत. लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्क दुखावते, आणि ते दुखणं महिन्याभराने लक्षात येतं.

परदेशातल्या माणसांपर्यंत हे पोचवणं हा स्वतंत्र विषय आहे. भाऊ डब्लिनला, आई साताऱ्याला, अशी घरं आता नवलाची राहिलेली नाहीत, आणि बारशाचा व्हिडिओ दोन्हीकडे हवा असतो. आपल्याकडचे अनेक इंटरनेट सेवादाते शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात, त्यामुळे बाहेरून आपल्या घराचं दार थेट ठोठावता येत नाही. इथे प्लेक्सची सोय खरोखर चांगली आहे: दोन्हीकडे एकाच कंपनीचं खातं, मधली जोडणी तीच जमवून देते, आणि सॅमसंग, एलजी, रोकू, ॲपल टीव्ही अशा जवळपास प्रत्येक टीव्हीवर तिचं ॲप मिळतं. तिकडच्या वहिनींना काहीही समजावून सांगावं लागत नाही. पण एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून घराबाहेरून आपलाच व्हिडिओ बघण्यासाठी प्लेक्स पैसे घेऊ लागला, आणि कायमच्या सदस्यत्वाचा दर सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेला. शिवाय ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्याकडची ग्राहकांची माहिती फुटली आणि सगळ्यांना पासवर्ड बदलावे लागले; सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तसंच घडलं. घरच्या व्हिडिओंची किल्ली दुसऱ्याच्या कार्यालयात टांगलेली असणं मला मानवत नाही. ज्यांना ते चालतं आणि पैसे द्यायची तयारी आहे, त्यांच्यासाठी प्लेक्स सुबक आहे, हेही तितकंच खरं.

जेलीफिनसाठी मी टेलस्केलचा मार्ग घेते. दोन घरांतल्या यंत्रांमध्ये ते कुलूपबंद खाजगी बोगदा तयार करतं, आणि डब्लिनचा टीव्ही जणू साताऱ्याच्या राउटरलाच जोडलेला असतो. अँड्रॉइड टीव्ही आणि ॲपल टीव्ही दोन्हींवर त्याचं ॲप आहे. बसवताना दोन्ही टोकांना एकेक तास लागतो, एकजण फोनवर असावा लागतो, पण नंतर महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. राउटरमध्ये दार उघडून जेलीफिन थेट इंटरनेटवर मांडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

एम्बीबद्दल थोडक्यात: चांगला आहे, स्थिर आहे, रूप जेलीफिनसारखंच आहे आणि पुष्कळ गोष्टींसाठी पैसे लागतात. आधीपासून वापरत असाल तर बदलण्याची घाई नको. नव्याने सुरू करणाऱ्याने तो घ्यावा असं एकही कारण मला सापडलेलं नाही. ॲपल टीव्ही असलेल्या घरांत इन्फ्यूज नावाचा देखणा प्लेअर आहे, तो जेलीफिन आणि प्लेक्स दोन्हींशी बोलतो.

प्रोग्रॅम कितीही चांगला असो, बॉक्स निकामी असेल तर सगळं फुकट. बाजारात दीड-दोन हजारांत ‘अँड्रॉइड बॉक्स’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वस्तूंवर अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्हीची अधिकृत मोहोर नसते. त्यांच्यावर नेटफ्लिक्ससारखी ॲप चालली तरी फिकट, जुन्या दर्जाचं चित्र देतात, कारण उच्च दर्जासाठी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र त्यांच्याकडे नसतं. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अशा कित्येक बॉक्सांत कारखान्यातूनच घातक प्रोग्रॅम बसून येतो. जुलै २०२५ मध्ये गुगलने अमेरिकेतल्या न्यायालयात ज्या टोळीविरुद्ध दावा लावला, तिच्या जाळ्यात अशी १ कोटीहून जास्त यंत्रं होती. असं यंत्र घरच्या राउटरच्या आत बसतं, हे विसरू नका. ॲमेझॉनच्या स्टिकवर कोडी त्यांच्या दुकानातून मिळत नाही, बाहेरून घालावा लागतो. आणि त्यांच्या नव्या काही स्टिक अँड्रॉइडवर नसून व्हेगा नावाच्या प्रणालीवर आहेत, तिथे अँड्रॉइडची ॲप चालतच नाहीत. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचूनच घ्यावं.

ओटीटी नकोच असेल आणि फक्त आपलाच संग्रह बघायचा असेल तर रास्पबेरी पाय ४ वर लिबरइलेक ही प्रणाली टाकणं हा मला सगळ्यांत शांत मार्ग वाटतो. चालू केलं की थेट कोडी उघडतो, दुसरं काही नाही. एचडीएमआयच्या तारेतूनच टीव्हीचा रिमोट त्याला चालतो. टेबलावर रिमोट एकच, आणि वडीलधाऱ्यांच्या घरात ही फार मोठी सोय असते.

डिस्कच्या बाबतीत दोन खड्डे सगळ्यांना लागतात. बरेच बॉक्स विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क वाचत नाहीत. मग कुणीतरी एफएटी३२ करायला सांगतं, आणि तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. डिस्क घेण्याआधी बॉक्स काय वाचतो हे एका पेन ड्राइव्हवर बघून घ्यावं. दुसरं म्हणजे बॉक्सच्या यूएसबीतून डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही. ती टकटक आवाज करते आणि मधेच नाहीशी होते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावला की हे थांबतं.

आता सुरुवातीला म्हटलं त्या मुद्द्याकडे येते, कारण सगळ्यांत जास्त कष्ट इथे लागतात आणि ते कष्ट कुठे साठवले जातात हे कुणी सांगत नाही. हे सगळे प्रोग्रॅम फायलीच्या नावावरून चित्रपट ओळखतात, इंटरनेटवरच्या टीएमडीबीसारख्या माहितीकोशातून पोस्टर, कलाकार, कथासार आणतात. इंग्रजी चित्रपटांना हे सहज जमतं. आपल्याकडे गंमत सुरू होते. ‘श्यामची आई’ एवढंच नाव दिलं तर १९५३ चा चित्रपट आणि २०२३ चा चित्रपट यांत गल्लत होते. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’ (१९३९) ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’ (१९४१) ‘पडोसी’ झाला. मराठी प्रत हिंदीच्या पोस्टरखाली जाऊन बसते. उपाय साधा आहे: नावापुढे कंसात वर्ष, प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर, आणि चुकलं तर हाताने दुरुस्ती. टीएमडीबी लोकांनीच भरलेला कोश आहे. खातं उघडून मराठी चित्रपटाची चुकीची नोंद कुणालाही सुधारता येते. मी अशा थोड्या नोंदी सुधारल्या आहेत. मराठी माणसांनी दर रविवारी एकेक केली तरी आपल्या चित्रपटांचं चित्र बदलेल.

फायलींची नावं मी रोमन लिपीत ठेवते, कारण रिमोटने देवनागरी टाइप करणं जिकिरीचं होतं, पण पडद्यावर दिसणारं शीर्षक देवनागरीत देते. निवड पक्की करण्याआधी एक चाचणी करा: ‘किल्ल्यातील स्त्रियांची ज्ञानेश्वरी’ असं शीर्षक एखाद्या व्हिडिओला द्या, सबटायटलच्या फाईलमध्येही तेच लिहा आणि टीव्हीवर बघा. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर आवृत्ती जुनी आहे किंवा फॉन्ट बदलायला हवा. चौकोनच दिसले तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. आपल्या भाषेसाठी ही कसोटी पोस्टरच्या देखणेपणाहून मोलाची आहे.

ही दुरुस्ती, ही शीर्षकं, हे कथासार राहतं कुठे? सांगितलं नाही तर प्रोग्रॅमच्या पोटातल्या डेटाबेसमध्ये. बॉक्स बिघडला, प्रोग्रॅम बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा दोन महिन्यांचं काम असं घालवलं आहे. यावर तोडगा म्हणजे एनएफओ फाईल. व्हिडिओच्या शेजारी त्याच नावाची छोटी मजकुराची फाईल, तिच्यात शीर्षक, वर्ष, सार, कलाकार. कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडते. जेलीफिनमध्ये संग्रह जोडतानाच ‘माहिती एनएफओमध्येही जपा’ यावर खूण करायची. कोडीत संग्रह ‘वेगवेगळ्या फायलींमध्ये’ निर्यात करायचा. एकाने लिहिलेली दुसरा वाचतो. मी कोडीवरून जेलीफिनवर गेले तेव्हा सगळी मराठी शीर्षकं आपसूक माझ्याबरोबर आली. प्लेक्स आपलं ज्ञान मुख्यतः स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि माझा कौल त्याच्याकडे न जाण्याचं हे पहिलं कारण आहे, पैसे दुसरं. अर्थात डिस्कच गेली तर एनएफओही जाते, म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात.

घरच्या व्हिडिओंना कुठलाच कोश ओळखणार नाही. तिथे एनएफओ आपणच लिहायची. मावशीच्या लग्नाचे तुकडे मी आधी जोडून एक एमकेव्ही फाईल केली, मूळ डीव्हीडीची प्रत तशीच ठेवली. मग दोन दुपारी आईला शेजारी बसवून त्या फाईलची माहिती भरली. लग्नाची तारीख, कार्यालयाचं नाव, पंगतीला काय होतं. एनएफओमध्ये कलाकारांसाठी जागा असते, नाव आणि भूमिका अशी. तिथे आम्ही माणसं लिहिली. ‘नवरीची आत्या’, ‘कुंभोजचे काका’, ‘सनईवाले’. नवऱ्यामागे उभा असलेला, लाल स्वेटरमधला मुलगा कोण हे आईला आठवेना. तिने तीन फोन केले आणि चौथ्याला उत्तर मिळालं. व्हिडिओतूनच कापून प्रत्येकाचा चेहरा त्याच्या नावाला जोडला.

या वर्षी दिवाळीत लग्न लावलं तेव्हा खाली चेहऱ्यांची ओळ दिसली. धाकट्या भाचीने रिमोट घेतला आणि पणजीच्या चेहऱ्यावर थांबून बटण दाबलं. तिने पणजीला कधी पाहिलेलं नाही. पडद्यावर पणजी ज्यांत आहे ते सगळे व्हिडिओ आले: मावशीचं लग्न, मामाची मुंज आणि अंगणात शेवया वाळत घालतानाची साडेतीन मिनिटं. भाचीने शेवया निवडल्या.